काट्याचा सर्व्हर, भरलेली डिस्क आणि दर सेकंदाला तीन ओळी

लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातलं हे प्रकरण. जानेवारीचा शेवट, गाळप ऐन भरात. रात्री दीडच्या सुमाराला ऊस वजनकाट्यावरून संगणक विभागाला फोन गेला: "साहेब, भरगाडीचं वजन घेतलंय, पण चिठ्ठी निघंना. स्क्रीन तशीच थांबलीय." पाच मिनिटांत दुसऱ्या काट्यावरूनही तीच तक्रार आली. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटपर्यंत लागलेली, आणि तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहतो तितकं त्याचं वजन घटतं. ते नुकसान थेट शेतकऱ्याच्या पदरात पडतं, त्यामुळे काटा थांबणं ही साधी गैरसोय नाही.

अशा वेळी पहिलं काम सर्व्हरचं नसतं. काट्याच्या इंडिकेटरला सर्व्हर लागत नाही. लोडसेलचं (काट्याखालच्या वजन-सेन्सरचं) वजन इंडिकेटरवर स्वतंत्रपणे दिसतं, संगणक फक्त सीरियल केबलमधून ते वाचून घेतो. म्हणून वजन थांबवू नका, नोंदवही काढा: वाहन क्रमांक, चिटबॉयच्या (ऊसतोडीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) स्लिपचा क्रमांक, भरलेलं वजन, वेळ, वाहनचालकाची सही. गाडी रिकामी होऊन परत आली की त्याच ओळीत रिकामं वजन. सर्व्हर चालू झाल्यावर शेतकी विभागाच्या माणसासमोर नोंदी भरून घ्यायच्या. या कारखान्यात हेच केलं, आणि रांग हलत राहिली.

सर्व्हर जुना पण दणकट होता: दोन प्रोसेसरचा रॅक सर्व्हर, ६४ जीबी ईसीसी (एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करणारी) मेमरी, उबंटू १८.०४ हे लिनक्स. '/वार' हा १५ जीबीचा वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र कप्पा, ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. वजन आणि बिलांचा मारियाडीबी डेटाबेसही त्याच '/वार' मध्ये, आणि लॉगही, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदीही, तिथेच. ही मांडणीच खरं तर अर्धं कारण आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

डिस्क मोकळी करताना

'डीएफ -एच' या मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडने '/वार' १०० टक्के भरलेलं दाखवलं. डेटाबेसच्या एरर लॉगमध्ये 'डिस्क इज फुल', एरर कोड २८, आणि पुढे 'वेटिंग फॉर समवन टू फ्री सम स्पेस'. स्क्रीन का थांबली याचं उत्तर यातच आहे. जागा संपली की मायएसक्यूएल घराण्यातला डेटाबेस अशा वेळी लगेच नकार देत नाही. तो लिहिणं अडवून धरतो आणि जागा झाली का हे दर मिनिटाला पाहतो. म्हणून इथे सर्व्हिस रीस्टार्ट करायची घाई करू नये. अडलेला डेटाबेस जागा मिळताच आपोआप पुढे जातो. जबरदस्तीने बंद केला, तर चालू होताना रिकव्हरी करायलाही त्याला जागाच हवी असते.

दोन मिनिटांत थोडी जागा मिळवायचा एक सरळ मार्ग आहे. ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के ब्लॉक रूटसाठी, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्यासाठी, राखून ठेवलेले असतात. १५ जीबीवर ते साधारण ७५० एमबी होतात. 'ट्यून२एफएस -एम १' असं त्या व्हॉल्यूमवर चालवलं की राखीव भाग १ टक्क्यावर येतो आणि ६०० एमबी तिथल्या तिथे मोकळे होतात. ना अनमाउंट, ना काही पुसणं. मिनिटाच्या आत चिठ्ठ्या निघायला लागल्या. काम संपल्यावर हा आकडा परत ५ वर न्यायचा असतो, हे विसरू नये.

मग जागा कोणी खाल्ली ते बघायचं. 'ड्यू -एएक्सएच --मॅक्स-डेप्थ=२ /वार' ने हिशेब असा दिला: डेटाबेस ४.६ जीबी, '/वार/लॉग/जर्नल' १.५ जीबी, 'सिसलॉग' ही एकटी फाइल ३.१ जीबी, आणि 'कर्न.लॉग.१' (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी) हीसुद्धा ३.१ जीबी. उरलेलं किरकोळ. डेटाबेसपेक्षा लॉग मोठे झाले होते.

इथे हात आखडता घ्या. 'आरएम' ने सिसलॉग उडवली तर फाइल यादीतून जाते, पण आरसिसलॉग या नोंदी लिहिणाऱ्या सर्व्हिसने ती उघडून धरलेली असते. जागा सुटत नाही, आणि आता ती दिसतही नाही. तसं आधीच झालं असेल तर 'एलएसओएफ +एल१' ने पुसलेल्या पण उघड्या फाइली सापडतात, आणि आरसिसलॉग रीस्टार्ट केल्यावर जागा परत मिळते. योग्य पद्धत म्हणजे 'ट्रंकेट -एस ०'. फाइल जागेवर राहते, आतला मजकूर शून्य होतो, आणि आरसिसलॉग पुढे लिहीत राहतो.

पण ट्रंकेटच्या आधी एक काम या प्रकरणात फार मोलाचं ठरलं. लॉगमध्ये तीन ओळी आलटून पालटून लाखो वेळा येत होत्या. त्या तीन वगळून उरलेलं सगळं 'ग्रेप -व्ही' ने '/होम' वरच्या वेगळ्या फाइलमध्ये काढून घेतलं. तीन जीबीच्या आसपासच्या फाइलमधून हाती आलं ते काही एमबी. त्या काही एमबीत काय होतं ते पुढे सांगतो. भरलेला लॉग गाळून न ठेवता शून्य केला असता तर ते कायमचं गेलं असतं.

जर्नलसाठी 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' पुरेसं. डेटाबेसच्या फोल्डरमधल्या कुठल्याही फाइलला हाताने हात लावायचा नाही, ती कितीही मोठी आणि निरुपयोगी वाटो.

त्या तीन ओळी

प्रत्येक सेकंदाला हे त्रिकूट येत होतं. पहिली ओळ: 'एसीपीआय एरर: एसएमबस/आयपीएमआय/जेनेरिकसीरियलबस राइट रिक्वायर्स बफर ऑफ लेंग्थ ६६, फाउंड लेंग्थ ३२'. दुसरी: 'मेथड पार्स/एक्झिक्यूशन फेल्ड', पुढे '_पीएमएम' हे नाव आणि 'एई_एएमएल_बफर_लिमिट'. तिसरी: 'एसीपीआय एक्सेप्शन: एई_एएमएल_बफर_लिमिट, इव्हॅल्युएटिंग _पीएमएम', आणि शेवटी 'पॉवर_मीटर'.

'एरर' हा शब्द रात्री दोनला पाहिला की मदरबोर्ड गेला असंच वाटतं. पण ओळी शेवटाकडून वाचा. 'पॉवर_मीटर' हे लिनक्समधल्या ड्रायव्हरचं नाव, पूर्ण नाव 'एसीपीआय_पॉवर_मीटर'. एसीपीआय म्हणजे फर्मवेअर (बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचं मानक. २००९ मध्ये आलेल्या एसीपीआय ४.० मध्ये पॉवर मीटर नावाचं उपकरण ठरवून दिलं गेलं, म्हणजे सर्व्हर किती वॅट खातोय हे फर्मवेअरला विचारायची सोय. '_पीएमएम' ही त्यातली मोजमापाची मेथड.

ही मेथड कुठे असते हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. सर्व्हर बनवणारा बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या फर्मवेअरमध्ये, एएमएल नावाचा छोटा कोड भरून देतो. बूट होताना लिनक्स तो कोड टेबलांमधून उचलतो आणि गरज पडेल तेव्हा कर्नलमधल्या इंटरप्रिटरकडून चालवून घेतो. म्हणजे कोड बायॉस लिहिणाऱ्याचा, चालवणारा कर्नल, आणि लॉगमध्ये तक्रारही कर्नलच लिहितो. त्यामुळे लोक कर्नलला दोष देतात आणि कर्नल बदलून बघतात.

आता ६६ आणि ३२. वॅटचा आकडा मदरबोर्डवरच्या बीएमसीकडे (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या चिपकडे) असतो आणि एएमएल कोड तो आयपीएमआयमार्फत (तिच्याशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने) मागतो. एसीपीआयच्या नियमाप्रमाणे आयपीएमआयशी बोलताना द्यायचा बफर ठरलेल्या मापाचा असतो: १ बाइट स्थितीसाठी, १ बाइट लांबीसाठी, ६४ बाइट माहितीसाठी. एकूण ६६. बायॉस लिहिणाऱ्याने ३२ चाच बफर दिला. कर्नलने माप पाहिलं, कमी भरलं, मेथड तिथेच थांबवली. हार्डवेअरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. जुन्या कर्नलवर हीच ओळ '४२ हवे, २० मिळाले' अशी दिसते. ते आकडे षोडशमान पद्धतीतले असतात, म्हणजे तेच ६६ आणि ३२. दोन वेगळ्या तक्रारी समजून त्यांचा वेगवेगळा शोध घेऊ नका.

याच्याशी मिळताजुळता आणखी एक संदेश आहे: 'नो हँडलर फॉर रीजन', कंसात 'आयपीएमआय', आणि पुढे 'एई_नॉट_एक्झिस्ट'. तो दिसला तर कारण निराळं. तिथे बफरचा प्रश्न नसतो. एएमएल कोड आयपीएमआयशी बोलायला निघतो तेव्हा कर्नलमध्ये तो दुवाच तयार नसतो. 'एसीपीआय_आयपीएमआय' हे मॉड्यूल (कर्नलला जोडता-काढता येणारा भाग) लोड नसणं हे त्याचं नेहमीचं कारण. मॉड्यूल लोड करून पाहिलं की बऱ्याचदा मिटतं. ६६-३२ वाल्या तक्रारीवर त्या मॉड्यूलचा काही उपयोग नाही.

कोण विचारतंय

_पीएमएम आपणहून चालत नाही. कुणीतरी वॅटचा आकडा मागितला तरच ती चालते. सर्व्हर अनेक वर्षं शांत होता आणि नोव्हेंबरात अचानक बोलायला लागला, याचा अर्थ नोव्हेंबरात कुणीतरी विचारायला सुरुवात केली. हंगामाआधी यूपीएसवरचा भार आणि खोलीतलं तापमान दिसावं म्हणून एक मॉनिटरिंग साधन बसवलं होतं. ते दर सेकंदाला सापडेल तो प्रत्येक सेन्सर वाचत होतं.

अंदाजावर थांबू नका, सिद्ध करा. 'ग्रेप . /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन/एचडब्ल्यूमॉन*/डिव्हाइस/नेम' चालवलं की कुठला क्रमांक 'पॉवर_मीटर' चा आहे ते कळतं. एका खिडकीत 'डीमेसेज -डब्ल्यू' (कर्नलचे संदेश येताक्षणी दाखवणारी कमांड) चालू ठेवा. मॉनिटरिंगची सर्व्हिस थांबवा. ओळी जागच्या जागी थांबल्या. आता दुसऱ्या खिडकीतून त्याच फोल्डरमधली 'पॉवर१_ॲव्हरेज' ही फाइल 'कॅट' ने एकदाच वाचा. आकड्याऐवजी एरर येते आणि पहिल्या खिडकीत बरोबर तीन ओळी उमटतात. पुन्हा वाचा, पुन्हा तीन. इतका स्वच्छ पुरावा लॉगच्या कामात क्वचित मिळतो. 'एलएसओएफ' ने हा वाचक सापडत नाही, कारण फाइल क्षणभर उघडून बंद होते. संशयित एकाहून जास्त असतील तर 'एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॲट -पी' आणि प्रोसेसचा क्रमांक देऊन दहा सेकंद बघा, नाव समोर येतं.

हिशेबही जुळतो. एका वाचनाला तीन ओळी, ओळ सरासरी १५० बाइटची, म्हणजे ४५० बाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर सुमारे ३९ एमबी. उबंटूवर कर्नलची ओळ सिसलॉग आणि कर्न.लॉग दोन्हींत लिहिली जाते, म्हणून ७८ एमबी. सुमारे ८० दिवसांत सहा जीबीच्या वर. जर्नल वेगळं, ते आपल्या मर्यादेला, म्हणजे फाइल सिस्टिमच्या १० टक्क्यांना, येऊन थांबलं होतं. १५ जीबीचे १० टक्के दीड जीबी होतात, तोच आकडा 'ड्यू' मध्ये दिसला होता.

मग लॉगरोटेट, म्हणजे जुन्या लॉग फाइली ठरावीक काळाने बाजूला काढून नव्या सुरू करणारा प्रोग्राम, काय करत होतं? सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने कर्नलचे संदेश महिनाभर राहावेत या हेतूने '/एटीसी/लॉगरोटेट.डी' मध्ये 'काटा' नावाची फाइल टाकली आणि तिच्यात '/वार/लॉग/कर्न.लॉग' लिहिलं. तीच फाइल 'आरसिसलॉग' च्या मूळ यादीतही असते. लॉगरोटेट या फाइली वर्णानुक्रमाने वाचतो. रोमन क्रमात काटा आधी, आरसिसलॉग नंतर. दुसऱ्यांदा कर्न.लॉग दिसताच त्याने 'डुप्लिकेट लॉग एंट्री' म्हणून आरसिसलॉगची यादीच सोडून दिली. सिसलॉग ८० दिवसांत एकदाही फिरली नाही. तिकडे काटा फाइलीत ना 'कॉम्प्रेस' होतं, ना 'पोस्टरोटेट' (फाइल बदलल्यावर सर्व्हिसला कळवणारी सूचना). महिना संपल्यावर कर्न.लॉगचं नाव बदलून कर्न.लॉग.१ झालं, पण आरसिसलॉगला कुणी कळवलं नाही, म्हणून तो जुन्याच फाइलीत लिहीत राहिला. 'एलएस -एल' मध्ये कर्न.लॉग शून्य बाइट आणि कर्न.लॉग.१ मात्र डोळ्यांदेखत वाढतेय, असं दिसलं की हाच घोळ समजा. 'लॉगरोटेट -डी /एटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ' ही कोरडी चाचणी काहीही न बदलता ही चूक पहिल्याच पानावर दाखवते. नवीन सॉफ्टवेअर बसलं की ती एकदा चालवायला अर्धं मिनिट लागतं.

गप्प कसं करावं, आणि कसं करू नये

या प्रकरणात फोनवरून दोन सल्ले आले होते. बूट पर्यायात 'एसीपीआय=ऑफ' घाला हा पहिला. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर हा सल्ला घातक आहे. कोअर किती आणि इंटरप्टची वाट कोणती ही माहिती कर्नलला एसीपीआय टेबलांतूनच मिळते. ती बंद केली की कोअर कमी दिसणं, कार्ड न चालणं, पॉवर बटणाने नीट बंद न होणं, असं काहीही होऊ शकतं. दुसरा सल्ला 'लॉगलेव्हल=३'. त्याने फक्त समोरच्या स्क्रीनवरच्या ओळी कमी होतात. लॉग फाइली आणि जर्नल तसेच भरत राहतात.

आरसिसलॉगमध्ये गाळणी लावणं हा मधला मार्ग, आणि तो फक्त मॉड्यूल काढताच येत नसेल तरच. '/एटीसी/आरसिसलॉग.डी' मध्ये '१०' ने सुरू होणारी फाइल करून, ठरावीक शब्द असलेली ओळ 'स्टॉप' करायची. इथे हमखास होणारी चूक अशी: '_पीएमएम' एवढाच शब्द गाळला तर दुसरी आणि तिसरी ओळ जाते, पण पहिल्या ओळीत तो शब्द नसतोच. पूर एक तृतीयांशावर येतो, थांबत नाही. पहिल्या ओळीसाठी 'रिक्वायर्स बफर ऑफ लेंग्थ' हा तुकडा वेगळा लावावा लागतो. 'एसीपीआय' हा अख्खा शब्द गाळायचा मोह मात्र टाळाच, कारण उद्या तापमान मर्यादेचा खरा संदेशही याच नावाने येईल. आणि गाळणी लावली तरी मेथड दर सेकंदाला चालून पडतच असते, जर्नलही भरतच असतं.

बरोबर उपाय विचारणाऱ्याला थांबवण्याचा. मॉनिटरिंग साधन एलएम-सेन्सर्सच्या (लिनक्सवर सेन्सर वाचायच्या संचाच्या) लायब्ररीमधून वाचत असेल तर '/एटीसी/सेन्सर्स.डी' मध्ये फाइल करून 'चिप' ओळीत 'पॉवर_मीटर-एसीपीआय-०' आणि खाली 'इग्नोर पॉवर१' लिहिलं की पुरतं. या कारखान्यातलं साधन थेट '/सिस' मधून वाचत होतं, त्याला हे लागू पडत नाही. म्हणून ड्रायव्हरच काढला:

'मॉडप्रोब -आर एसीपीआय_पॉवर_मीटर' ने तो चालू सर्व्हरवर उतरवला, रीबूट न करता. रांगेतल्या गाडीवाल्यांना काही कळलंही नाही.

'/एटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये 'पॉवर-मीटर.कॉन्फ' नावाची फाइल, तिच्यात 'ब्लॅकलिस्ट एसीपीआय_पॉवर_मीटर'. वर एका ओळीत कारण आणि तारीख, पुढच्या माणसासाठी.

मग 'अपडेट-इनिटरामएफएस -यू'. हे राहिलं तर बूटच्या सुरुवातीला जुनीच यादी वापरली जाऊन मॉड्यूल परत चढू शकतं. रेड हॅट घराण्यात याच जागी 'ड्रॅकट -एफ'.

पुढच्या रीबूटनंतर 'एलएसमॉड' मध्ये नाव नाही ना, हे पाहायचं. मॉनिटरिंग पुन्हा चालू केलं, वाचनाचा वेग १ सेकंदावरून ३० सेकंदांवर आणला. खोलीचं तापमान दर सेकंदाला बघून कुणाचंही भलं होत नाही. वॅटचा आकडा गेला असंही नाही: 'आयपीएमआयटूल डीसीएमआय पॉवर रीडिंग' बीएमसीला थेट विचारतं आणि नीट उत्तर मिळतं. चुकीचा कोड फक्त बायॉसच्या मधल्या वाटेत होता.

लॉगरोटेटच्या काटा फाइलीतून कर्न.लॉग काढलं, आरसिसलॉगच्या यादीत 'मॅक्ससाइज २००एम' घातलं, 'जर्नलडी.कॉन्फ' मध्ये 'सिस्टममॅक्सयूज=५००एम'. लॉगरोटेट रोज एकदाच चालत असेल तर मॅक्ससाइजचा अर्थ 'दिवसातून एकदा पाहू' एवढाच राहतो, म्हणून त्याला तासाला चालवलं. आणि '/वार/लॉग' साठी ४ जीबीचा स्वतंत्र व्हॉल्यूम केला. लॉग कितीही फुगले तरी आता डेटाबेसची जागा खाणार नाहीत. सगळ्या बदलांतला सर्वांत कामाचा बदल विचाराल तर हा.

पुराखाली काय होतं

आता त्या गाळून ठेवलेल्या काही एमबींकडे. त्यात डिसेंबरपासून अधूनमधून, आणि जानेवारीत रोज, अशी ओळ होती: 'ईडीएसी एमसी१: १ सीई मेमरी रीड एरर ऑन सीपीयू_एसआरसीआयडी#१', पुढे चॅनल २, डीआयएमएम ०. ईडीएसी हा मेमरीच्या चुका नोंदवणारा कर्नलचा भाग, सीई म्हणजे दुरुस्त झालेली चूक, डीआयएमएम म्हणजे मेमरीची पट्टी. ही त्या त्रिकुटासारखी निरुपद्रवी ओळ नाही. मेमरीतला एक बिट चुकला, ईसीसीने तो दुरुस्त केला, असं ती सांगते. एखादी आली तर चालतं. एकाच पट्टीवर वाढत चालली तर ती पट्टी निकामी होण्याच्या वाटेवर आहे. उद्या एकाच वेळी दोन बिट चुकले की ईसीसी दुरुस्त करू शकत नाही, आणि सर्व्हर तिथेच थांबतो.

ही ओळ कुणाला का दिसली नाही, तेही पाहू. कर्नलचा रिंग बफर (संदेशांची ठरावीक मापाची जागा, भरली की जुने पुसले जातात) या सर्व्हरवर २५६ केबीचा, म्हणजे दोन हजारांच्या आसपास ओळी. सेकंदाला तीन ओळी धरल्या तर 'डीमेसेज' मध्ये जेमतेम अकरा मिनिटांचा इतिहास उरतो. बूटच्या वेळचे संदेशसुद्धा त्यातून कधीच वाहून गेले होते. कर्न.लॉगमध्ये ओळी होत्या, पण दोन कोटी ओळींच्या आत. ज्याने फाइल उघडली असेल त्याने एसीपीआयची भिंत पाहून बंद केली असेल. याच कारणासाठी फर्मवेअरच्या संदेशांना 'ते येतच असतात' म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. फर्मवेअरकडून आलेल्या ओळी दोन जातींच्या असतात. एका जातीत फर्मवेअरचा स्वतःचा कोड चुकलेला असतो. 'एई_' ने सुरू होणारे एसीपीआयचे कोड बहुधा त्यातले. दुसऱ्या जातीत फर्मवेअर किंवा चिपसेट हार्डवेअरबद्दल सांगत असतं: 'हार्डवेअर एरर' ने सुरू होणाऱ्या एपीईआयच्या (हार्डवेअरच्या चुका कळवायच्या एसीपीआयमधल्या सोयीच्या) ओळी, ईडीएसी, एमसीई (प्रोसेसरने कळवलेल्या चुका). त्यांत 'रिक्वायर्स नो फर्दर ॲक्शन' असं लिहिलेलं असलं तरी मोजणी ठेवायची. पहिली जात गप्प करायची ती दुसरी ऐकू यावी म्हणून.

पट्टी ओळखायला 'आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट' मधली बीएमसीची नोंद ताडून पाहिली. तिथेही 'करेक्टेबल ईसीसी' होतं. काही नोंदींपुढे तारखेऐवजी 'प्री-इनिट' होतं. बीएमसीचं घड्याळ लागायच्या आधीच्या नोंदी तशाच दिसतात, त्या बाद धरायच्या नाहीत. एक सावधगिरी: ईडीएसी प्रोसेसर ० पासून मोजतो, मदरबोर्डवर मात्र १ पासून छापलेलं असतं. 'एसआरसीआयडी#१' म्हणजे बोर्डावरचा प्रोसेसर २. 'डीएमआयडीकोड -टी १७' मधल्या 'लोकेटर' ओळीशी जुळवल्याशिवाय पट्टी उपसायची नाही, नाहीतर चांगली पट्टी बाहेर येते.

हंगामात सर्व्हर बंद करायची संधी एकच: कारखाना सफाईसाठी थांबतो तेव्हा. त्या बंदमध्ये डेटाबेसचा बॅकअप घेऊन, दोन्ही वीजवायरी काढून झाकण उघडलं. बगॅसचा बारीक भुसा पंख्यांच्या जाळीवर आणि मेमरीच्या रांगांमध्ये बसला होता. अंगाला अर्थिंगची पट्टी लावून, मऊ ब्रश आणि कोरड्या हवेने तो काढला; पंखे बोटाने धरून, कारण हवेच्या झोताने ते गरागरा फिरले तर खराब होऊ शकतात. संशयित पट्टी लगेच फेकली नाही. तिची आणि शेजारच्या चॅनलमधल्या तशाच पट्टीची अदलाबदल केली. चार दिवसांत मोजणी नवीन जागी वाढायला लागली, जुनी जागा शांत. दोष पट्टीसोबत गेला, म्हणजे स्लॉट आणि प्रोसेसर ठीक. मोजणी जुन्याच जागी राहिली असती तर आधी स्लॉटचे संपर्क आणि मग प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना बघाव्या लागल्या असत्या, आणि नवी पट्टी विकत घेणं वाया गेलं असतं. पुढच्या सफाईला त्याच क्षमतेची, त्याच रँकची आणि त्याच वेगाची रजिस्टर्ड ईसीसी पट्टी बसवली. 'सीई_काउंट' (दुरुस्त झालेल्या चुकांची मोजणी) नंतर शून्यावर राहिला.

बायॉसचं काम मुद्दाम गाळप संपेपर्यंत मागे ठेवलं. हंगामात, टर्बाइन आणि महावितरण यांच्यात वीज बदलत असताना बायॉस फ्लॅश करायला बसू नये. मधेच वीज गेली तर बोर्डच बसतो. एप्रिलमध्ये यूपीएस तपासून, आधी बीएमसीचं आणि मग बायॉसचं अपडेट केलं, 'डीएमआयडीकोड -एस बायॉस-व्हर्जन' ने नवा क्रमांक पाहिला. नंतर मॉड्यूल हाताने चढवून 'पॉवर१_ॲव्हरेज' एकदा वाचलं. संदेश आला: ६६ हवे, ३२ मिळाले. मॉड्यूल पुन्हा उतरवलं. ब्लॅकलिस्टची फाइल तशीच आहे, फक्त वरच्या टिपेत नव्या बायॉसचा क्रमांक आणि 'यातही दोष आहे' एवढं वाढवलं.